फुलीपाशी सही

आमच्या घरातले सगळे फॉर्म मी भरतो, हे वाक्य मी जवळजवळ चाळीस वर्षं छाती फुगवून उच्चारलं. कुणी विचारलेलं नसतानाही. इतर नवऱ्यांपैकी कुणी गातो, कुणी मॅरेथॉन धावतो, एकजण तर घरी पुरणपोळ्या करतो. मला फॉर्म भरता येतात. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर म्हणून जन्म काढला, पण तिथेही माझं नाव निघायचं ते व्हॉल्व्हसाठी नाही. कुणाचं ग्रीन कार्ड अडलं, कुणाच्या सासूचा व्हिसा नाकारला, की लोक माझ्या टेबलापाशी यायचे आणि मी डॉक्टरसारखा चष्मा वर करून विचारायचो, "कागद आणलेत का?"

घरातली पद्धत ठरलेली होती. काळ्या शाईचं बॉलपेन, एका चौकटीत एक अक्षर, खाडाखोड नाही. बायकोची सही जिथे हवी तिथे पेन्सिलनं एक बारीक फुली. मग तो कागद घेऊन मी स्वयंपाकघरात जायचो आणि म्हणायचो, "अगं, फुलीपाशी." ती हात पुसून सही करायची, घाईत असली तर न पुसता. एका विम्याच्या कागदावर तिच्या अंगठ्याचा हळदीचा ठसा उमटला होता. कंपनीनं तो निमूटपणे स्वीकारला. मी हा किस्सा पंचवीस वर्षं सांगितला आणि लोक पंचवीस वर्षं हसले. आपण नक्की कशाला हसतोय हे त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.

तिचं नागरिकत्वही असंच झालं. मी नागरिक होऊन बरीच वर्षं झाली होती. ती मात्र तो भारताचा निळा पासपोर्ट सोडायला तयार नव्हती. "तुम्ही झालात ना, मग मला कशाला?" मी म्हटलं, एका घरात दोन देश नकोत. आता हे वाक्य लिहितानाही कानाला बरं वाटतं, एवढा त्यात दम आहे. अर्थ काही नाही. फॉर्म मी भरला, फुली केली, तिनं सही केली. शपथेच्या दिवशी मी प्रेक्षकांत बसून कागदी झेंडा हलवत रडलो. परत येताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "तो जुना पासपोर्ट आठवण म्हणून तरी ठेवता येईल का हो?"

निवृत्त झाल्यावर माझ्या देशभक्तीला मोकळा वेळ मिळाला. न्यूजर्सीतल्या आमच्या गावात निम्मे लोक सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जातात आणि उरलेले घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतात. झेंड्याकडे बघायला कुणाला सवड नसते. मला होती. अंगणात मी खांब रोवला. झेंडा कधी चढवायचा, कधी उतरवायचा, पावसात काय करायचं, याचे नियम छापून लॅमिनेट करून गॅरेजच्या दारावर लावले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण फिरायला जाताना मी दुसऱ्यांचे झेंडे तपासू लागलो. दोन गल्ल्या पलीकडच्या एका घराच्या ओसरीवरचा झेंडा उन्हानं विटला होता, कडेला दोरे लोंबत होते. नियमाप्रमाणे असा झेंडा फडकवायचा नसतो. मी नवा कोरा झेंडा आणला, त्यावर नियमांची एक प्रत टाचली आणि त्या घराची बेल दाबली.

दार एका उंच, जाड बांध्याच्या, साठीतल्या बाईनं उघडलं. तिनं नियम वाचले. मग म्हणाली, "हा माझ्या भावानं लावलाय. तो सैन्यात जायला निघाला त्या सकाळी." भाऊ आत आहे का, असं मी विचारलं. हो, विचारलं. ती बाई म्हणाली, "नाही. तो परत आला नाही." नवा झेंडा तिनं घेतला, आभार मानले, दार लावलं.

घरी येऊन सांगितलं, तर बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, ती माझी मैत्रीण आहे! शाळेतली!"

बायको गावातल्या प्राथमिक शाळेत लंच एड होती. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, दुधाची खोकी फोडून द्यायची, रडणाऱ्याला गप्प करायचं. ही उंच बाई त्याच कॅफेटेरियात जेवण वाढायची. दोघी पंधरा वर्षं एकत्र उभ्या राहिल्या होत्या, आणि मला तिचा चेहरा माहीत नव्हता. नाव माहीत होतं. बायकोच्या बोलण्यात रोज यायचं. रोज येणारं नाव आपण ऐकत नाही, तसं माझं झालं होतं.

त्या वर्षी चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत माझं भाषण ठेवलं होतं. म्हणजे मीच ठेवून घेतलं होतं. विषय, नागरिक हा स्वातंत्र्याचा पहारेकरी. मी सांगितलं की स्वातंत्र्य चोरायला बाहेरून कुणी येत नाही, घरातलेच बेसावध असतात. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वडापावची रांग पुढे सरकल्याबद्दल होत्या, असं नंतर कळलं. परतताना बायको म्हणाली, "पहिली पाच मिनिटं माईक बंद होता."

"मग सांगायचंस!"

"तुम्ही इतके खुशीत होतात."

आता खरी गोष्ट. शाळेचं बोर्ड कॅफेटेरिया आणि लंच एड वगैरे सगळं बाहेरच्या कंपनीकडे द्यायला निघालं होतं. बोर्डाच्या बैठकीत ती मैत्रीण बोलायला उभी राहिली. प्रत्येकाला तीन मिनिटं असतात. तीन मिनिटं संपल्यावर अध्यक्षांनी तिचा माईक बंद केला. तिला माईकची गरज कधीच नव्हती. दोनशे मुलांच्या गोंगाटात ती कोपऱ्यातल्या पोराला हाक मारून खाली बसवायची. ती बोलत राहिली. तेव्हा दारातल्या पोलिसानं येऊन तिचं कोपर धरलं आणि तिला बाहेर नेलं. बायको तिथेच, तिच्या शेजारच्या खुर्चीवर होती. घरी आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. "पोलिसानं हो, पोलिसानं," एवढंच म्हणत होती.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तीन मिनिटांचा नियम आहे ना? मग तीन मिनिटांत आटपायचं."

 शरद ऋतूत मैत्रीण बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली.

मी तोवर पोल वर्कर झालो होतो, म्हणजे निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर बसणारा कर्मचारी. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथेच बसायचं, म्हणून मी माझं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, पोस्टानं मागवलं. बायकोच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन काही महिनेच झाले होते, रांगेत कशाला उभी राहील, म्हणून तिचंही मागवलं. अर्ज मी भरला. फुलीपाशी तिनं सही केली.

दोन पाकिटं आली. रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर दोन्ही मतपत्रिका शेजारी शेजारी पसरल्या. वरची मोठी पदं झाली. खाली स्कूल बोर्ड, तीन जागा, चार उमेदवार. मी एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी प्रत्येकाची चौकशी केली होती. तिघं पीएचडी होते. त्यांतला एक तर आमच्याच कॉलेजचा. चौथी बायकोची मैत्रीण, कॉलेजचं तोंड न पाहिलेली. आपल्याकडे शाळेच्या बोर्डावर कोण असावं याबद्दल दुमत असतं का? मी माझ्या कागदावरचे तीन गोल काळे केले. मग दुसरा कागद ओढला आणि त्यावरचेही तेच तीन गोल काळे केले. पेन उचललंसुद्धा नाही. चाळीस वर्षांची सवय. एकाच हातानं दोन माणसांचं आयुष्य भरायचं.

पाकिटाच्या आतल्या झडपेवर मतदाराची सही लागते. मी फुली केली. बायको फोनवर सांगलीच्या बहिणीशी बोलत होती, फोन खांदा आणि कानाच्या मधे. "अगं, फुलीपाशी." तिनं सही केली. बहिणीच्या सुनेचं सातव्या महिन्याचं काहीतरी चाललं होतं. संध्याकाळी मी दोन्ही पाकिटं नगरपालिकेसमोरच्या मतपेटीत टाकून आलो. येताना मला समाधान वाटलं. काम वेळेआधी झालं की मला नेहमीच वाटतं.

निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत आमची टेबलं होती. पहिल्या टेबलावर एक म्हातारा माजी सैनिक बसायचा. तो मतदाराचं नाव टॅबलेटवर शोधायचा आणि सही घ्यायचा. मी शेवटच्या टेबलावर. मत देऊन आलेल्याला 'मी मत दिलं' असं लिहिलेला स्टिकर द्यायचं काम माझ्याकडे. म्हातारा मला प्रोफेसर म्हणायचा. मी कधी प्रोफेसर नव्हतो हे सांगण्याचा प्रयत्न मी दोन निवडणुकांमागेच सोडून दिला होता. सकाळीच कुणीतरी डोनटचा खोका आणला होता.

अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि बायको आत आली.

काठी टेकत, हळूहळू. अंगावर निळी, जरीची साडी. लग्नकार्याला नेसते ती, आणि वर थंडीचा कोट. एवढी नटून ती शाळेत का आली असेल, असा प्रश्न मला पडला. खरंच. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की मी डबा विसरलो आणि ती तो द्यायला आली. मी हात हलवला. तिनं हसून मानेनंच ओळख दिली आणि पहिल्या टेबलापाशी गेली. खिडकीतून मला बाहेर, शंभर फुटांच्या खुणेपलीकडे, मैत्रिणीची गाडी दिसत होती. उमेदवाराला आत येता येत नाही. ती गाडीतच बसून होती.

म्हाताऱ्यानं नाव शोधलं. थोडा वेळ टॅबलेटकडे बघितलं. मग अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचं मत आमच्याकडे आलेलं आहे. पोस्टाचं."

"नाही," बायको म्हणाली. "मी द्यायला आले आहे."

"इथे नोंद आहे. पाकीट मिळालं, सही जुळली, मत स्वीकारलं."

मागे सातआठ जण उभे होते. त्यांत शाळेची सेक्रेटरी होती, आणि एका मुलीची आई, जिच्या मुलीची दुधाची खोकी बायकोनं वर्षभर फोडून दिली होती. बायको टॅबलेटवर वाकली. "सही" हा शब्द तिनं ऐकला तो क्षण मला दिसला. ती सावकाश सरळ झाली. म्हाताऱ्याच्या खांद्यावरून, दोन टेबलं ओलांडून तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फार दिवसांनी कुणीतरी भेटावं आणि ओळख पटायला वेळ लागावा, तसं.

म्हाताऱ्याला नियम माहीत होते. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, मला विचारावं लागतं. ते बॅलट तुम्ही स्वतःच भरलं होतं ना? की दुसऱ्या कुणी?"

स्वातंत्र्याचा पहारेकरी तिथून बारा फुटांवर बसला होता. त्यानं उठून उभं राहायचं होतं आणि चार शब्द बोलायचे होते, ते मी भरलं. त्याच्या तोंडात डोनट होता. लोकांना वाटेल मी गंमत करतोय. मी तोंडातला घास चावत होतो, तो गिळेपर्यंत बायकोनं उत्तर दिलं.

"हो, मीच भरलं," ती इंग्रजीत म्हणाली. "विसरले मी. वय झालं आता."

रांगेतली ती मुलीची आई "ओह" म्हणाली, आपण लहान मुलाला म्हणतो तशी. सेक्रेटरीनं बायकोच्या दंडावर हात ठेवला. म्हातारा उठून उभा राहिला आणि तिला दारापर्यंत सोडायला निघाला. वाटेत माझं टेबल होतं. दिवसभर जे समोर येईल त्याला स्टिकर द्यायचा, एवढंच करत होतो. माझा हात पुढे झाला. हातात स्टिकर.

बायको थांबली. लोकांसाठी चेहऱ्यावर हसू ठेवून मराठीत म्हणाली, "तुम्हीच लावा. दोनदा दिलंत ना."

खिडकीतून मी बघत होतो. ती काठी टेकत गाडीपर्यंत गेली. मैत्रिणीनं आतून दार उघडलं, काहीतरी विचारलं. बायकोनं मान डोलावली. मैत्रिणीनं आनंदानं दोनदा हॉर्न वाजवला. म्हणजे तिथेही ती खोटंच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर जेवणाच्या टेबलावर तिच्या नावाची फाइल उघडी होती. माझी लाडकी फाइल. रंगीत विभागण्या, वर अनुक्रमणिका. ती चष्मा लावून वाचत बसली होती. मैत्रीण हरल्याचं तिला कळलेलं होतं. मी काही बोलण्याआधीच तिनं एक कागद पुढे केला.

"मी अवयवदान करणार आहे?"

"लायसन्सच्या फॉर्मवर विचारतात. चांगलं काम आहे ते."

"चांगलं आहे. पण डोळे माझे आहेत." तिनं पान उलटलं. "आणि हे? मी बेशुद्ध असले तर कोण ठरवणार माझं?"

"मी."

"हे कुणी ठरवलं?"

"अगं, तूच सही केलीयेस. गुडघ्याच्या वेळी."

"फुलीपाशी," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. "तू मला सांगितलं असतंस, की तुला तिलाच मत द्यायचंय..."

"सांगितलं होतं."

"मला आठवत नाही."

हे वाक्य मी त्या सकाळी म्हणालो, पुढे मुलीलाही म्हणालो. इथे म्हणत नाही. मला आठवतं. ऑक्टोबरात मी अंगणातली पानं गोळा करत होतो. ती दारात येऊन म्हणाली, "मी तिला शब्द दिलाय, माझं मत तिला." मी म्हणालो, "बघू." बघू! एखाद्या पोरीनं जत्रेला जाऊ का विचारावं, तसं. आणि त्या रविवारी दुपारी दुसऱ्या कागदावर पेन टेकवताना ते मला आठवलं होतं. एक क्षणभर. मी स्वतःशी म्हटलं, मैत्री वेगळी, शिक्षणाचा प्रश्न वेगळा, तिला मागाहून समजावू.

त्या सकाळी मी तिला समजावलंच. म्हणालो, "हे बघ, ती पुष्कळ मतांनी मागे होती. तुझ्या एका मतानं काही फरक पडला नसता."

तिनं फाइल मिटली. "मी तिला निवडून आणायला नव्हते गेले. मला तो गोल काळा करायचा होता."

"मी कळवतो त्यांना. आजच जातो. खरं सांगून टाकतो."

"आज? काल तो म्हातारा विचारत होता तेव्हा तुमच्या तोंडात काय होतं?"

मी मिटलेली फाइल टेबलाच्या कडेला समांतर केली. 

"आणि मी खोटं बोलले, ते पण सांगणार? का माझ्यासाठी ते पण तुम्हीच ठरवणार?"

मुलीला कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, दॅट्स अ क्राइम. यू नो दॅट, राइट? लाइक, अॅक्च्युअल क्राइम." मग म्हणाली, "अँड शी कव्हर्ड फॉर यू." मग, "आईला फोन द्या." आईशी ती तासभर बोलली. मला परत फोन दिला नाही.

मी कुणालाही काही कळवलं नाही. पोल वर्करचं काम तेवढं सोडलं. कारणाच्या चौकटीत 'प्रकृती' लिहिलं, सुंदर अक्षरात. अंगणातला खांब अजून आहे. झेंडा मी उतरवून गॅरेजमध्ये ठेवला; लॅमिनेट केलेल्या नियमांत अशा प्रसंगासाठी काही लिहिलेलं नाही.

गावाला मात्र कळवायची गरज पडली नाही. गावानं बायकोच्याच तोंडून ऐकलं होतं, की ती विसरते. शाळेत पूर्वी कुणी रजेवर असलं की तिला बोलावणं यायचं. ऑपरेशननंतर ती पुन्हा जायला लागली होती. ते बोलावणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. पुढच्या वसंतात किराणा दुकानात तो म्हातारा सैनिक भेटला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "प्रोफेसर, मिसेस कशा आहेत? माझ्या बायकोचंही असंच सुरू झालं होतं. लहानलहान गोष्टींपासून." त्यानं खिशातून कागद काढून एका डॉक्टरचा नंबर लिहून दिला. बायको पलीकडच्या रांगेत टोमॅटो निवडत होती. मी म्हणालो, "थँक यू." ती विसरत नाही, हे सांगायला मला आणखी एक संधी मिळाली होती आणि या वेळी तोंडात काहीही नव्हतं.

मैत्रिणीला बायकोनं खरं सांगितलं, आठवड्याभरानंतर. ती बायकोला न्यायला आली तेव्हा मी पुढे होऊन गाडीच्या खिडकीशी गेलो, माफी मागायला. तिनं मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "तिनं मला मत दिलं नसतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तिनं." आणि काच वर केली.

तेव्हापासून बायको स्वतःचे फॉर्म स्वतः भरते. पहिला फॉर्म होता पोस्टाचं बॅलट बंद करण्याचा. तीन दुपारी लागल्या तिला. मी सोफ्यावर पेपर धरून बसायचो आणि पेपरावरून बघायचो. ती भिंग घेऊन एकेक ओळ वाचायची, ओठ हलवत. अक्षरं चौकटीबाहेर जायची. माझे हात शिवशिवायचे. तारखेच्या जागी तिनं आधी दिवस लिहिला, मग महिना. इथे उलटं लागतं. मला सोफ्यावरून दिसत होतं. सांगायला तोंड उघडलं तर तिनं मान वर न करता म्हटलं, "नको." अर्ज परत आला. तिनं दुसरा आणून पुन्हा भरला.

गेल्या हिवाळ्यात डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शेवटी सगळं ठीक झालं, ती आता काठीशिवाय चालते, हे आधीच सांगून टाकतो. उगाच रहस्य नको. हॉस्पिटलचे कागद तिनं घरी भरून पाकिटात घातले होते. पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. पहाटे निघताना मैत्रीणही येणार हे कळलं, मला वाटलं सोबतीला येत असेल.

बाहेरच्या खोलीत मी आणि मैत्रीण मधे एक खुर्ची सोडून बसलो होतो. ठरलेली वेळ उलटून गेली. मग दार उघडून एक नर्स आली. तिच्या हातात कागद होता. थोडी अडचण आहे, म्हणाली. हृदयाचे ठोके अनियमित होताहेत, पेशंट भुलीत आहे, पुढे काय करायचं ते विचारायचं आहे. तिनं कागदावर बघून नाव पुकारलं.

मी तोवर उठलो होतो. हात पेनासाठी खिशात गेला होता. नर्सनं माझ्याकडे बघून तेच नाव पुन्हा उच्चारलं, प्रश्नार्थक. मैत्रीण उठली, नाव तिचं होतं. मी बसलो.

"हे तिचे मिस्टर आहेत," मैत्रीण नर्सला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ती म्हणाली होती, तुम्हाला विचारायचं नाही. पण सगळं सांगायचं."

नर्सनं पाटीवर कागद लावून दिला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. सही इथे. मैत्रिणीनं तिचं बोट हळूच बाजूला केलं, चष्मा काढून पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बाई, सही कर, आत ती पडली आहे, या कागदात काय असतं मला पाठ आहे. तिनं एक शब्द थांबून नर्सला विचारला. नर्सनं सांगितला. तिनं मान डोलावली, बायको काय म्हणाली होती ते आठवल्यासारखं क्षणभर वर बघितलं, आणि पुढची ओळ धरली. मग पान उलटून मागची बाजू.

मी हात मांडीवर ठेवून, ती वाचून संपवायची वाट बघत बसलो.